पेट्रोलचा काटा खोटं का बोलतो? ओहम मास्तरांची गोष्ट

तुमच्या मोबाईलमध्ये एक चिमुकली चिप असते. बॅटरी किती टक्के उरली हे ती सांगते. या चिपला इंजिनिअर मंडळी काय म्हणतात माहितीये? फ्युएल गेज. गाडीच्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा असतो, तेच नाव. मोबाईलमध्ये पेट्रोल कुठून येणार? पण काम तेच आहे म्हणून नाव चिकटलं: आत किती उरलंय ते न उघडता सांगायचं. आणि दुखणंही तेच. वीस टक्के दाखवता दाखवता फोन पटकन बंद पडतो, तशी पाव टाकी दाखवता दाखवता गाडी रस्त्यात उभी राहते.

आज मी एका जुन्या गाडीचा खोटं बोलणारा काटा कसा सुधारला ते सांगणार आहे. पण लेखाचा नायक गाडी नाही. नायक आहे जॉर्ज सायमन ओहम. नववीत 'धाराविद्युत' शिकताना याचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय: रोध वाढला की विद्युतधारा कमी, विभवांतर वाढलं की विद्युतधारा जास्त. दोन मार्कांचा प्रश्न, उदाहरण सोडवलं की विषय संपला. मल्टिमीटर हातात घेऊन गाडीखाली शिरलो तेव्हा मला जाणवलं की मी दोन दिवस जे करत होतो, तेच या माणसाने १८२५ आणि १८२६ साली कोलोनच्या एका शाळेत केलं होतं. अडचणी त्याच, आणि क्रमही तोच.

(जाता जाता: जर्मन लोक त्याचं नाव जवळपास 'ओम' असंच म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात 'ओहम' आहे, म्हणून मीही तेच लिहितोय.)

आधी गाडी

गाडी माझ्या मामांची, पारनेरची. कंपनी कोणती हे महत्त्वाचं नाही, कारण पन्नाशीला आलेल्या कुठल्याही गाडीचं असं होऊ शकतं. मामांचा तिच्यावर जीव. आजीला तपासणीसाठी नगरला न्यायचं, लग्नाकार्याला जायचं, सगळं तिच्यातूनच. मग एका रात्री टाकळी ढोकेश्वरहून पारनेरकडे येताना ती बंद पडली. मागच्या सीटवर आजी, काटा पाव टाकीच्या जवळ, आणि टाकी कोरडी ठणठणीत. मी कॅन घेऊन पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी सांगून टाकलं की जिच्या काट्यावर भरवसा नाही, त्या गाडीत आईला बसवणार नाही. काटा सुधारला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात.

आता हा काटा चालतो कसा ते बघू. घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक बॉल तरंगत असतो, पाणी वर आलं की तो वर येतो आणि नळ बंद होतो. पेट्रोलच्या टाकीतही असाच एक फ्लोट असतो, दांडीला जोडलेला. दांडीचं दुसरं टोक एका तारेच्या गुंडाळीवरून सरकतं. फ्लोट खाली गेला की करंटला जास्त तारेतून जावं लागतं, वर आला की कमी. म्हणजे पेट्रोलची पातळी तारेच्या लांबीत बदलते. या भागाला सेंडर म्हणतात. मामांच्या गाडीत टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ च्या आसपास असायला हवा. हे आकडे गाडीगणिक बदलतात, काही गाड्यांत तर उलटं असतं, रिकामी असताना शून्य आणि भरली की ९०. त्यामुळे एका गाडीचा सेंडर दुसरीला लावला तर काटा काहीही बरळतो.

डॅशबोर्डच्या बाजूला काट्यामागे एक दुहेरी धातूची पट्टी असते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवलेले, गरम झाले की दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. करंट जास्त आला की तार जास्त तापते, पट्टी जास्त वाकते, काटा जास्त सरकतो. बस्स, एवढंच. बॅटरी, काटा, लांब वायर, सेंडर आणि मग गाडीच्या बॉडीतून परत बॅटरी. या एका वर्तुळात किती करंट वाहतो, तेच आपल्याला 'अर्धी टाकी' म्हणून दिसतं.

एका टोकाला तारेची लांबी बदलायची आणि दुसऱ्या टोकाला सुई किती हलते ते बघायचं. ओहमने आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग केला तो नेमका हाच.

कुलूपवाल्याचा मुलगा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, बव्हेरियातल्या एर्लांगेन गावचा. वडील योहान वोल्फगांग कुलुपं बनवणारे कारागीर. शाळा-कॉलेजचं शिक्षण नाही, पण माणूस जबरदस्त. स्वतः पुस्तकं वाचून गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान शिकला आणि तेच पोरांना शिकवलं. सात मुलांपैकी तीनच जगली: जॉर्ज, धाकटा मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. दिवसभर भट्टी, कानस आणि पितळ, संध्याकाळी बीजगणित, असं ते घर. मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. एका कारागिराच्या घरातून दोन विद्वान, तेही त्या काळात! या वडिलांबद्दल मला ओहमपेक्षा कणभर जास्तच आदर वाटतो.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याला शिंग फुटली. नाच, बिलियर्ड्स, बर्फावरचं स्केटिंग. आज असता तर रील्स बघत बसला असता. वडिलांनी पोटाला चिमटा काढून पैसे भरलेले, ते भडकले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबलं आणि १८०६ मध्ये पोराची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून झाली. वय सतरा. तिथे शिकवता शिकवता तो स्वतः मोठमोठ्या गणितज्ञांची पुस्तकं वाचत राहिला, १८११ मध्ये एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट मिळाली, पण पोट भरेना. विद्यापीठात शिकवण्याचे पैसे इतके तुटपुंजे की तीन सत्रांत त्याने ते सोडलं. मग बांबेर्गच्या एका शाळेत नोकरी, ती शाळाच १८१६ मध्ये बंद पडली. मग दुसऱ्या शाळेत, जिथे त्याचं मन लागेना. त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि थेट प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. हा बाण लागला. १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली. शाळेत प्रयोगशाळा चांगली होती, आणि जे यंत्र नव्हतं ते बनवायला कुलूपवाल्याचे हात होतेच.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेडने दाखवलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई हलते. सगळ्या युरोपात याच विषयाची चर्चा. ओहमच्या डोक्यात एक साधा, हिशेबी प्रश्न आला. तार लांब केली तर सुई किती कमी हलते? नुसतं कमी हलते म्हणून भागणार नाही, नेमकं किती?

त्याआधी सुमारे चाळीस वर्षं, १७८१ च्या सुमाराला, इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशला याचं उत्तर जवळपास सापडलं होतं. मीटर नव्हतं, म्हणून तो विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि झटका किती जोरात बसला त्यावरून अंदाज बांधायचा. (घरी करून बघू नका, कृपया.) पण गड्याने ते छापलंच नाही. त्याच्या नोंदी मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा दोघेही, कॅव्हेंडिश आणि ओहम, कधीचे जग सोडून गेलेले.

पहिला दिवस: डगमगणारी बॅटरी

मामांच्या गाडीत मी सगळ्यात आधी काय पाहिलं सांगतो. टाकी फुल केली, इंजिन चालू केलं, काटा फुलच्या थोडा वर. हेडलाईट लावले आणि इंजिन आयडलवर सोडलं, काटा खाली उतरला. अॅक्सिलरेटर दाबला, परत वर. पेट्रोल तर तेवढंच आहे! म्हणजे काटा पेट्रोलसोबत गाडीचं व्होल्टेजही मोजत होता. इंजिन जोरात फिरत असताना चार्जिंगमुळे व्होल्टेज १४ च्या आसपास जातं, दिवे लावून आयडलवर ते १२ वर येतं.

ओहमची १८२५ मधली पहिली फजिती हीच. त्याच्याकडे त्या काळची व्होल्टा पद्धतीची बॅटरी होती, धातूच्या पत्र्यांची आणि आम्लाची. सर्किट जोडलं की ती सुरुवातीला जोर दाखवायची आणि लगेच ढेपाळायची. तो वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून सुईचे आकडे घेत होता, पण दोन आकड्यांच्या मधल्या वेळात बॅटरीच बदललेली असायची. त्या आकड्यांवरून त्याने एक सूत्र काढलं, त्यात लॉगॅरिदम होता, आणि घाईने छापूनही टाकलं. ते चुकीचं होतं. थोड्याच दिवसांत त्याच्या स्वतःच्याच ते लक्षात आलं.

मार्ग सुचवला तो पोगेनडॉर्फ या संपादकाने. ज्या नियतकालिकात ओहम लिहीत होता, त्याचाच हा संपादक. त्याने सांगितलं, बॅटरी सोडून दे, थर्मोकपल वापर. १८२१ मध्ये सीबेकने शोधलं होतं की दोन वेगवेगळे धातू दोन ठिकाणी जोडून एक जोड गरम आणि दुसरा थंड ठेवला तर वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची अशी जोडी बनवली. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतंय तोवर त्याचं तापमान हलत नाही, बर्फ वितळतोय तोवर त्याचंही नाही. म्हणून वीजही हलत नाही. चहाच्या आधणाइतकं साधं साहित्य, पण त्या काळात याहून स्थिर व्होल्टेज क्वचितच कोणाकडे असेल.

गाडीत हेच काम करायला डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ब्रिटिश पद्धतीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ती सापडते. तिच्या आतही दुहेरी धातूची पट्टी: तापली की कॉन्टॅक्ट तुटतो, थंड झाली की परत जुळतो. अशी उघडझाप करत ती काट्याला सरासरी १० व्होल्ट पुरवते, बॅटरी १२ वर असो की १४ वर. मल्टिमीटर लावला तर निरोगी स्टॅबिलायझरवर आकडा सारखा वरखाली उडताना दिसतो. मामांच्या गाडीत तो उडत नव्हता, बॅटरीचं व्होल्टेज जसंच्या तसं दाखवत होता. आतले कॉन्टॅक्ट चिकटून बसले होते. टाकळीच्या रस्त्यावर काट्याने रिकाम्या टाकीला पाव टाकी म्हटलं ते याच्यामुळे. दहाच्या जागी चौदा व्होल्ट मिळाले की काटा आपोआप आशावादी होतो.

त्या जागी मी ७८१० नावाची तीन पायांची आयसी बसवली. कितीही द्या, दहाच व्होल्ट सोडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भजीप्लेटच्या पैशात मिळते. तुम्ही करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि आयसीची पत्र्याची पाठ बॉडीला नीट टेकवून बसवा म्हणजे ती तापणार नाही आणि अर्थही मिळेल.

काटा स्थिर झाला. हेडलाईट लावा, बंद करा, ढिम्म हलत नव्हता. फक्त आता फुल टाकीला तो पाऊण दाखवत होता. मामांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी आहे तेही बिघडवलं.

दुसरा दिवस: तो 'ब' कुठून आला?

जानेवारी १८२६ मध्ये ओहमकडे स्थिर वीज होती. त्याने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सगळ्यात छोटी दोन इंच, मग चार, सहा, दहा, अठरा, चौतीस, सहासष्ट आणि शेवटची एकशे तीस इंचांच्या वर. प्रत्येक तार लावायची आणि धातूच्या बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसुई जागेवर परत आणायला पट्टीला किती पीळ द्यावा लागतो ते मोजायचं. दिवसामागून दिवस. कानस चालवणाऱ्या बापाचा पोरगा, कंटाळला नाही.

आकडे एका साध्या सूत्रात बसले. सुईवरचा परिणाम म्हणजे 'अ' भागिले 'ब अधिक तारेची लांबी'. 'अ' म्हणजे विजेचा जोर. त्याने तापमानातला फरक कमी करून पाहिला, 'अ' कमी झाला. पण 'ब' तसाच राहिला. मग हा 'ब' काय आहे? तार लावली नाही तरी असलेला, सर्किटच्या उरलेल्या भागाचा रोध. थर्मोकपलचा स्वतःचा, जोडांचा, सगळ्याचा मिळून. तुम्ही फक्त तुमची तार मोजायला जाता, पण सुईला सगळं वर्तुळ जाणवतं.

माझ्या मते ओहमची खरी हुशारी या 'ब'मध्ये आहे. पाठ्यपुस्तकात तो गायब होतो. तिथे नुसतं विभवांतर, धारा आणि रोध उरतात, आणि पोरांना वाटतं रोध म्हणजे त्या एका तारेचा.

मामांची गाडी 'ब'ने आजारी होती. टाकी भरलेली. सेंडरची वायर काढली, मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या टोकाला आणि दुसरी सेंडर ज्या चकतीवर बसलाय तिच्या धातूला लावली. ३४ ओहम. सेंडर ठणठणीत आहे! मग दुसरी पिन तिथून काढून लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. ६२. मधले २८ ओहम कुठून आले? करंटला टाकीतून बॉडीत जायचं असतं, आणि टाकी जिथे बॉडीला बोल्टने आवळली होती तिथे पन्नास पावसाळ्यांचा गंज. पारनेरला पाऊस कमी, हे मान्य, पण पन्नास म्हणजे पन्नास. काट्याला गंज दिसत नाही, त्याला ६२ ओहम दिसतात, आणि या गाडीत ६२ चा अर्थ होतो पाऊण टाकी.

मग पॉलिश पेपरने बोल्टची जागा चकचकीत केली आणि भरवशासाठी सेंडरच्या चकतीपासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थची वायर टाकली. परत मोजलं, ३४ ला ३४. काटा सावकाश चढत फुलच्या रेघेवर जाऊन थांबला.

एक गंमत बघा. दोन दोष एकमेकांना झाकत होते. चिकटलेला स्टॅबिलायझर काट्याला वर ढकलत होता, गंज खाली ओढत होता. टाकी भरलेली असताना बेरीज-वजाबाकी जवळपास जुळायची, म्हणून कित्येक वर्षं कोणाला संशय आला नाही. रिकामी होत आली की मात्र गंजाचे २८ ओहम सेंडरच्या २४० पुढे किरकोळ ठरायचे आणि वर ढकलणारा दोष एकटा उरायचा. म्हणजे जेव्हा खरं सांगायची गरज, नेमका तेव्हाच काटा सगळ्यात जास्त फसवायचा.

मास्तरांची नोकरी जाते

शोध लागला, पुढे काय? ओहमने शाळेतून अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि बर्लिनला मार्टिनकडे गेला. १८२७ मध्ये पुस्तक काढलं, विजेच्या सर्किटचं गणित मांडणारं. त्याचा अंदाज असा की या पुस्तकावर विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल. मिळाली नाही. त्या वेळी बऱ्याच जर्मन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्रात इतकं गणित नको होतं. बर्लिनच्या पोल नावाच्या अभ्यासकाने पुस्तकावर कडक टीका केली. ओहमचा स्वभावही असा की मनाला लावून घ्यायचं. १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला.

पुढची पाच-सहा वर्षं बर्लिनमध्ये शिकवण्या, लष्करी शाळेत गणिताचे तास, असं मिळेल ते काम. चाळिशी आलेली, लग्न केलेलं नाही, हातात कायमची नोकरी नाही. इंटरनेटवर ही गोष्ट 'सगळं जग त्याच्यावर हसलं' अशी रंगवून सांगतात, ते काही बरोबर नाही. फेश्नरसारख्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ मध्येच त्याचे आकडे स्वतः प्रयोग करून तपासले आणि ते खरे निघाले. पण ज्यांच्या हातात नोकऱ्या होत्या, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलं नाही, एवढं खरं. १८३३ मध्ये न्युरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला जागा मिळाली. पोटाचा प्रश्न सुटला.

मान मिळाला तो परदेशातून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं, तेव्हाचा विज्ञानातला मोठ्यात मोठा सन्मान. पुस्तक येऊन चौदा वर्षं झाली होती. कारणही व्यवहाराचं होतं. तारायंत्राचं युग सुरू झालेलं, मैलोन्‌मैल तारा टाकायच्या होत्या, आणि लांब तारेच्या टोकाला सुई हलेल की नाही हे सांगणारं सूत्र फक्त या मास्तराकडे होतं. १८४३ मध्ये तारायंत्रवाल्या चार्ल्स व्हीटस्टनने ओहमच्या नियमाचं इंग्लंडमध्ये कौतुक केलं आणि तारेची लांबी हवी तशी कमीजास्त करता येईल अशा उपकरणाची माहिती दिली. त्याला नाव दिलं ऱ्होस्टॅट. तुमच्या पेट्रोलच्या टाकीतला सेंडर म्हणजे फ्लोट लावलेला ऱ्होस्टॅट, बाकी काही नाही.

सेंडरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. अर्थ आणि स्टॅबिलायझर ठीक असूनही काटा चुकत असेल, तरच सेंडर बाहेर काढा. टाकीत पेट्रोल कमी असताना, मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून. विडी-सिगारेट, ग्राइंडर, बल्ब, काहीही आसपास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये तर नकोच नको. काढल्यावर फ्लोट कानाजवळ हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो नीट तरंगत नाही आणि काटा कायम कमी दाखवतो. मग दांडी हळूहळू फिरवत मीटर बघा. आकडा सरसर बदलायला हवा. मध्येच उडी मारत असेल किंवा गायब होत असेल तर तिथली तार झिजलीय. आपण सगळे टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवून गाडी चालवतो, म्हणून तार बहुधा मधल्या भागातच झिजते.

ओहमला म्युनिकला जायचं होतं, विद्यापीठात. १८४९ मध्ये तिथल्या अकादमीच्या भौतिकशास्त्राच्या उपकरणांची देखभाल त्याच्याकडे आली आणि १८५२ मध्ये तो म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तरुणपणापासून हेच हवं होतं. वय त्रेसष्ट. ६ जुलै १८५४ ला तो गेला. प्राध्यापकीची वर्षं मिळाली दोन.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या मोजमापाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्होल्ट, अँपियर, कूलोम, फॅरड यांच्याबरोबर रोधाच्या एककाला ओहमचं नाव दिलं गेलं. इंग्रजी ओ वापरला असता तर शून्याशी गोंधळ झाला असता, म्हणून चिन्ह ग्रीक ओमेगाचं. मल्टिमीटरच्या चक्रीवर घोड्याच्या नालेसारखं दिसतं, ते हेच.

आणि तुमचा फोन?

फोनमधली फ्युएल गेज चिप बॅटरीच्या वाटेत एक अगदी छोटा रोध ठेवते, ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजते, ओहमचा नियम लावून करंट काढते, आणि किती वेळात किती करंट बाहेर गेला याचा हिशेब ठेवते. त्यावरून टक्के. मग वीस टक्क्यांवर फोन का मरतो? बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला रोध वाढतो. तोच 'ब'. तुम्ही कॅमेरा आणि फ्लॅश एकदम चालू करता, करंटची मागणी अचानक वाढते, बराचसा जोर बॅटरीच्या आतच खर्च होतो, बाहेर व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज खरोखर शिल्लक असतो. मामांच्या टाकीच्या बोल्टवरचा गंज आणि तुमच्या तीन वर्षं जुन्या बॅटरीचं दुखणं, दोन्ही एकाच अक्षराखाली येतात.

गाडीचं एक काम राहिलं होतं, ते केल्याशिवाय मामा मानणार नव्हते. सुप्याच्या बाजूला एका पंपावर जवळपास रिकामी टाकी घेऊन गेलो आणि पाच-पाच लिटर टाकत गेलो. प्रत्येक वेळी इग्निशन चालू करून दोन मिनिटं थांबायचं, काटा कुठे आला ते डॅशबोर्डवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेनाने टिपायचं. पंपावरचा पोऱ्या वैतागला, पण पट्टी झाली. पट्टीवर खुणा सारख्या अंतरावर नाहीत, कारण टाकी चौकोनी खोक्यासारखी नसते आणि फ्लोटची दांडी गोल फिरते. वरचे पाच लिटर पटकन उतरतात, मधले रेंगाळतात. ती पट्टी मामांनी अजून काढलेली नाही.

एवढं करूनही इग्निशन चालू केल्यावर काटा जागेवर यायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. हा दोष नाही. पट्टी तापायला तेवढा वेळ लागतोच, आणि त्या आळसामुळेच खड्ड्यांतून जाताना टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही. तेवढ्यासाठी मीटर खोलू नका.